फौजदारांची उल्का

माझ्या सासूबाईंबरोबर बाजारात जायचं तर घड्याळ घरी ठेवून निघावं. रस्त्यात गटाराचं झाकण दिसलं की त्या थांबणार, चपलेच्या टोकानं वरची माती सारणार, वाकून कड बघणार आणि म्हणणार, "आपलं आहे." आपलं नसलं तर आणखी वेळ, कारण मग त्या झाकणाची सालटी काढायची असतात. मागून येणारे लोक आम्हाला वळसा घालून जातात आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. माझं लग्न ठरलं तेव्हा सासू कडक आहे, फटकळ आहे, असं सगळं कानावर आलं होतं. ती रस्त्यातली झाकणं तपासत हिंडते, हे मात्र कुणी बोललं नव्हतं.

सासूबाई अशी झाकणं बनवणाऱ्या ओतकामाच्या कारखान्यात साचे करतात. ओलसर वाळूत लाकडी आकार दाबायचा, तो अलगद उचलून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं, असं ते काम. सांगायला सोपं आहे. आकार उचलताना हात जरा हलला की वाळू ढासळते आणि सगळी मेहनत मातीत जाते. त्या कामाला लागल्या तेव्हा बायकांना फक्त वाळू चाळायला ठेवत, साच्याला हात लावू देत नसत. यांनी लावला, ओरडा खाल्ला, पुन्हा लावला. आता वाळूचा सगळा भाग त्यांच्या ताब्यात आहे आणि कारखाना त्यांना 'फौजदार' म्हणतो. तोंडावरच म्हणतो, कारण पाठीमागे म्हटलेलं त्यांना कळतंच.

सासरे त्याच कारखान्यात, घासाईला. सासूबाईंनी ओतलेली वस्तू वाळूतून निघाली की त्यांच्याकडे जाते. कुठे टोचरी कड असेल ती मारायची, बारीक खड्डा राहिला असेल तो लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायचा, मग घासून गुळगुळीत करायचा. "हिच्या चुका झाकण्यात माझा जन्म गेला," असं ते जेवताना म्हणतात आणि मग मुकाट्यानं स्वतःच वाढून घेतात, कारण त्या वाक्यानंतर त्यांना कुणी वाढत नाही.

गेल्या वर्षी सासूबाईंचा उजवा हात थरथरायला लागला. आधी मलाही कळलं नाही. चहाचा कप त्या अर्धाच भरून घेऊ लागल्या, तेव्हा वाटलं साखर कमी करताहेत. मग एकदा सुईत दोरा ओवायला त्यांनी माझ्याकडे दिला. स्वतःच्या हातांनी चिमूटभर वाळूची भिंत उभी ठेवणारी बाई ती.

कारखान्याच्या मालकांच्याही ते नजरेतून सुटलं नाही. माणूस वाईट नाही. त्यांनी केबिनमध्ये बोलावून, बसवून, चहा देऊन सांगितलं, "फौजदार, खूप केलंत. आता स्टोअरमध्ये बसा. हातमोजे द्यायचे, ब्रश द्यायचे, पंखा आहे, त्रास नाही." सासूबाई घरी आल्या आणि इतकंच म्हणाल्या, "मला पंखा दिलाय." कुणीतरी गेल्याची बातमी सांगावी तसा आवाज होता. मला फार वाईट वाटलं आणि मालकांचा रागही आला, आणि त्यांचं काही चुकलं नाही हे कळत होतं म्हणून जास्तच आला.

मी विज्ञान केंद्रात काम करते. येणाऱ्या लोकांना दालनं दाखवायची, हात लावू नका म्हणायचं आणि त्यांनी लावलेला बघायचा. आमच्याकडे तेव्हा मंगळाचं नवीन दालन उभं राहत होतं. तिथे फिरणाऱ्या यानांना लोखंडाच्या उल्का सापडल्या आहेत, त्यांतल्या एकीची प्रतिकृती दालनाच्या मधोमध ठेवायची होती. आणि हिला मात्र लोकांनी हात लावायचाच, अशी आमच्या संचालकबाईंची कल्पना. मी तिचे फोटो मोबाइलवर घरी दाखवले. लालसर सपाट जमिनीवर एकटाच पडलेला करडा, चकाकणारा गोळा, अंगभर खड्डे.

सासूबाईंनी फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"हे ओतलं कुणी?"

"कुणी नाही, आई. ही मंगळाची पण नाही. बाहेरून येऊन तिथे पडलीय. एखादा छोटा ग्रह तयार होताना आतून वितळतो, लोखंड जड म्हणून त्याच्या पोटात जाऊन बसतं. पुढे तो ग्रह कशावर तरी आदळून फुटला, त्याच्या पोटातला हा तुकडा."

"म्हणजे भट्टी होती."

"हो, तसं म्हणायला हरकत नाही."

"मग हे आमच्यातलं काम आहे. तुझ्या केंद्रात कोण करणार?"

मी सांगितलं, फायबरची करणार आहेत, वरून रंग मारून. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती कल्पना मीच काढली होती.

दुसऱ्या दिवशी त्या कामाच्या साडीवरच केंद्रात हजर. मी मध्ये पडायच्या आत संचालकबाईंसमोर उभ्या. "लोक हात लावणार ना? फायबर हाताला बादलीसारखं लागतं. लोखंड गार लागतं, जड लागतं. खोटं कशाला दाखवता?" संचालकबाई हसल्या, पण त्यांचा मुद्दाही बिनतोड होता: दालन वरच्या मजल्यावर, एवढा भरीव लोखंडी गोळा फरशी पेलणार नाही. हे सासूबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या वस्तू आयुष्यभर जमिनीवरच ठेवलेल्या. जिना उतरता उतरता मात्र त्या मागे फिरल्या आणि म्हणाल्या, "आतून पोकळ ओतीन." ठरलं. उद्घाटनाआधी उल्का जागेवर आली तर ती, नाहीतर फायबरची तयार असेल.

तिथून त्या थेट मालकांकडे गेल्या. हे मला सासऱ्यांनी सांगितलं. "हे एक काम माझ्या हातांनी करते," त्या म्हणाल्या. "जमलं तर वाळू सोडणार नाही. नाही जमलं तर आपण होऊन स्टोअरमध्ये जाऊन बसते." मालकांनी मान डोलावली. त्यांना बहुधा वाटलं, म्हातारीचा हट्ट आहे, पुरवू या. इकडे केंद्रात मी संचालकबाईंना छातीठोकपणे सांगून बसले होते की आमच्या घरचं काम म्हणजे बघायलाच नको. म्हणजे आता दोघींच्या माना एकाच सुरीखाली.

आधी मातीचा नमुना. फोटोंवरून मापं काढून सासूबाईंनी तो कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये केला. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे ते घरी, काळा चष्मा लावून, रेडिओशी भांडत. नमुना झाल्यावर केंद्रातर्फे एक शास्त्रज्ञबाई बघायला आल्या. ग्रहांचा अभ्यास करणाऱ्या, उंच, मोठ्यानं हसणाऱ्या. कारखान्यात त्यांना लगेच 'ग्रहवाल्या' नाव पडलं. ग्रहवाल्यांनी नमुन्याला एक फेरी मारली आणि भीत भीत म्हणाल्या, "खड्डे फार शिस्तीत आलेत हो."

आले होतेच. सगळे एका मापाचे, एका खोलीचे, रांगेत उभे केल्यासारखे. फौजदारांचे खड्डे ते.

"मग कसे हवेत?" सासूबाईंनी विचारलं. नाकावर राग आला होता.

"पडताना तापलेल्या हवेनं जिथे मिळेल तिथे खाल्लंय हे. नंतर तिथल्या वाऱ्यानं वाळू मारून मारून आणखी खाल्लंय. काही खड्डे एकमेकांत घुसलेत, काही नुसते चाटून गेल्यासारखे. हे बघा, इथे कड राहिलीय पातळ, तिथे कडच नाही." त्यांनी फोटो मोठे करून एकेक जागा दाखवली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, प्रश्न विचारले, मग फावडं उचललं आणि स्वतः केलेला नमुना मोडला. ग्रहवाल्यांचा चेहरा असा झाला की आता आपलीच पाळी.

दुसरा नमुना मी रोज कामावरून येताना बघत असे. अंगठा मातीत दाबायचा, वळवायचा, सोडायचा. उजवा हात थरथरायला लागला की त्या डाव्यानं त्याचं मनगट धरत, थांबत, पुन्हा सुरू करत. खड्डे आता खरंच वेडेवाकडे येत होते, जिवंत दिसत होते. मी बोलून गेले, "आई, एका अर्थी बरंच झालं की. हात हलतो म्हणून..."

"हात हलतो म्हणून चांगलं झालं, असं कुणाला सांगितलंस तर याद राख," त्या म्हणाल्या. "हलतो तेव्हा मी दाबतच नाही. थांबतो तेव्हा दाबते. हे सगळे मी बघून केलेत."

मी जीभ चावली. नंतर नीट पाहिलं, तर खरंच होतं; प्रत्येक खड्डा फोटोतल्या खड्ड्याला जुळत होता.

नमुन्याभोवती वाळू दाबून साचा झाला. आकार उचलायच्या वेळी सगळा कारखाना आपापलं काम करतोय असं दाखवत तिकडेच बघत होता. सासूबाईंनी दोन माणसं दोन बाजूंना उभी केली, स्वतः मधली कडी धरली आणि उचलताना श्वाससुद्धा घेतला नाही. वाळू ढासळली नाही. मग आत पोकळीसाठी वाळूचा गाभा बसला, भट्टीतून लाल लोखंड आलं, ओतलं गेलं, गार झालं, साचा फोडला. करडी, भुरभुरीत वाळू अंगाला चिकटलेली उल्का बाहेर आली तेव्हा ग्रहवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की बघायला आलेल्या मालकांकडे मी, आता पेढे द्या, अशा थाटात हसून पाहिलं.

उद्घाटन रविवारी होतं. बुधवारी सासूबाईंच्या हाताच्या तपासण्या होत्या, म्हणून मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी हवेत बोटानं वर्तुळ काढायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं, आणि मग खूप मऊ आवाजात बोलले. जिवाला धोका नाही, गोळ्या आहेत, पण थरथर जाणार नाही, वाढेल. रिक्षात सासूबाई बाहेर बघत होत्या. "उल्का बघून जाऊ," एवढंच बोलल्या.

त्याच सकाळी सासरे डोळे बरे होऊन कामावर गेले होते. घासाईत शिरले तर समोर बायकोची उल्का. मोठे खड्डे मुद्दाम केलेत हे त्यांना ठाऊक होतं, घरात महिनाभर दुसरा विषयच नव्हता. पण मोठ्या खड्ड्यांच्या मध्ये बारीक खड्डे होते, कडा पातळ होत्या, हाताला टोचत होत्या. ते त्यांना ओतकामातले दोष वाटले. कुणाही घासाईवाल्याला वाटले असते. लोक हात लावणार, लहान मुलं हात लावणार, बायकोचं नाव जाईल. ती दवाखान्यातून येईपर्यंत तिला खूश करू, म्हणून त्यांनी जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नाही. बारीक खड्डे लांबी भरून बुजवले, कडा मारल्या, आणि सगळ्यावरून मशीन फिरवून ती बाजू लख्ख केली.

आम्ही पोचलो तेव्हा ते कापडानं शेवटचा हात मारत होते. निम्मी उल्का आरशासारखी झाली होती, तीत त्यांचा चष्मा दिसत होता.

"बघ," ते म्हणाले. "एकसुद्धा खोट ठेवली नाही."

सासूबाईंनी उल्केभोवती एक फेरी मारली. बुजवलेल्या जागेवरून हात फिरवला. मग भिंतीला टेकल्या आणि रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासऱ्यांनीही पाहिलं नसावं, कारण त्यांच्या हातातलं कापड खाली पडलं. ते काय झालं, काय झालं म्हणत माझ्याकडे बघू लागले आणि मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की मला दोघांपैकी कुणाचं सांत्वन करावं ते कळेना.

संध्याकाळी केंद्रातून फोनाफोनी झाली. ग्रहवाल्या म्हणाल्या, घासलेली बाजू भिंतीकडे करू, कुणाला कळणार नाही. संचालकबाई म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, फायबरची तयारच आहे. त्या मनापासून म्हणत होत्या, म्हणून जास्त लागलं. मी हात टेकले होते. स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "आई, भिंतीकडे फिरवू या ना."

"हात भिंतीकडेही जातो," सासूबाई म्हणाल्या. "नवीन ओतायला वेळ नाही. हीच नीट करायची." आणि दारात अवघडून उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे वळून, "उद्या सकाळी छिन्न्यांना धार लावून ठेवा."

"मी?"

"मग काय हिला लावू? माझ्या हातानं छिन्नी धरवत नाही. तुम्ही कापायचं, मी सांगणार."

"अगं, जे आयुष्यभर बुजवलं ते आता खणू?"

"खणायचं."

पुढचे दिवस मी रजा टाकून तिथे बसले, नाहीतर दोघांनी एकमेकांना छिन्नी मारली असती. मोडलेल्या साच्याचं आता काही उरलं नव्हतं, पण मातीचा नमुना शिल्लक होता. सासूबाई नमुन्यातल्या खड्ड्यात अंगठा घालत, सासऱ्यांचा अंगठा ओढून त्याच खड्ड्यात घालत, मग म्हणत, "हे असं. आता तिथे." सासरे छिन्नी लावत. लांबी भराभर निघाली. मारलेल्या कडा मात्र परत येणार नव्हत्या, तिथे आणखी खोल जाऊन नवी कड काढावी लागत होती. सासऱ्यांचा हात खंबीर, पण सवय वाईट. खड्डा झाला की हात आपोआप त्याची कड मऊ करायला जाई.

"थांबा! गोंजारू नका त्याला."

"टोचतंय गं."

"टोचू दे. ते आकाशातून पडलंय, दुकानातून नाही आलेलं."

पहिल्या दिवशी त्यांनी तीन वेळा काम सोडलं आणि चहाच्या टपरीपर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्या दिवशी एका खड्ड्यापाशी सासूबाई काही बोलायच्या आत त्यांनी छिन्नी तिरकी केली आणि एक खड्डा दुसऱ्यात घुसवला. सासूबाईंनी फोटो बघितला, खड्डा बघितला. "हां," म्हणाल्या. सासऱ्यांनी माझ्याकडे अशा ऐटीत पाहिलं की वाटलं, हा 'हां' त्यांना लग्नानंतर प्रथमच मिळाला असावा. शनिवारी दुपारी ग्रहवाल्या आल्या, नवीन आणि जुनी बाजू कुठली ते शोधत बसल्या. एक जागा त्यांनी चुकीची म्हणून दाखवली, ती खरंच चुकली होती, आणि सासऱ्यांनी ती कुरकुर न करता खोल केली.

रविवारी उल्का दालनाच्या मधोमध होती. फीत कापायच्या आधीच लोक घुसले. कुणी टिचकी मारून आवाज ऐकत होतं, कुणी गाल लावत होतं. एक आजोबा दोन्ही तळवे ठेवून इतका वेळ उभे राहिले की मागची रांग खोळंबली. माझं काम हात लावू नका सांगण्याचं, ते त्या दिवशी विसरले. सासूबाई सासऱ्यांबरोबर कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या आणि उजवा हात पदराखाली होता.

मालक आले. त्यांनीही उल्केवरून हात फिरवला, सगळ्या बाजूंनी. मग सासूबाईंपाशी येऊन उभे राहिले.

"काम एक नंबर झालं, फौजदार. पण बोलणं तुमच्या हाताचं झालं होतं. शेवटी छिन्नी यांच्या हातात होती, सगळ्यांनी पाहिलंय."

मी पुढे झाले, म्हणजे भांडायलाच. सासूबाईंनी मला डाव्या हातानं मागे सारलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या हातांनी आता होणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, वाढत जाणार. मी शब्द दिला होता, तो पाळता आला नाही." त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला आणि मालकांसमोर धरला. तो थरथरत होता आणि त्यांनी तो थरथरू दिला. "तरी मी स्टोअरमध्ये जाणार नाही. परवापर्यंत मला वाटत होतं, हात गेला की कारागीर संपला. या माणसानं," सासऱ्यांकडे बोट करून, "उभ्या जन्मात माझं एक ऐकलेलं नाही. त्याच्याकडून मी हे करून घेतलं. मग कुणाकडूनही घेईन. उद्यापासून दोन नवीन माणसं द्या माझ्या हाताखाली. वाळू चाळणाऱ्या त्या दोन मुली द्या."

"आणि तुम्ही उंटावरून शेळ्या हाकणार?"

"वाळूत उभी राहून हाकणार. आणि एक जरी साचा वाया गेला तर मला विचारा, त्यांना नाही."

सासरे मध्येच म्हणाले, "द्या हो. घरी बसली तर माझं काय होईल याचा विचार करा." मालक हसले. मग सासूबाईंना म्हणाले, "उद्या वेळेवर या."

"मी उशिरा कधी आलेय?"

त्या दोन्ही मुली आता साचे उचलतात. पहिले बरेच ढासळले, ते सासूबाईंनी स्वतःच्या नावावर घेतले आणि मालकांचं सगळं ऐकून घेतलं. हात त्या आता लपवत नाहीत. जागा दाखवताना बोट इतकं हलतं की नेमकं कुठे दाबायचं हे मुलींना दोनदा विचारावं लागतं. दोनदा विचारलं की ओरडा बसतो, आणि तरीही त्या दोनदा विचारतात.